छिन्नमनस्कता : औषधप्रतिसादाचे पूर्वसूचक घटक

छिन्नमनस्कता अथवा स्किझोफ्रेनिया या विकारात कोणत्या रुग्णास औषधाने उतार पडेल, याचा आगाऊ अंदाज बांधण्यास साह्यभूत होणारी लक्षणे व मापने. पॅरिस येथे झाँ दले व प्येर दनिकेर यांनी १९५२ साली क्लोरप्रोमाझीन या औषधाचा गुण नोंदविल्यापासून या प्रश्नास व्यावहारिक महत्त्व आले. कारण योग्य मात्रा पुरेशी मुदत देऊनही सुमारे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश रुग्णांचे भ्रम व भास हटत नाहीत, असे पुढे दिसून आले.

रुग्णेतिहास : पहिल्याच झटक्यात औषधाचा गुण अधिक व अल्प मात्रेत येतो. विकार कोवळ्या वयात जडणे, आजारापूर्वीच सामाजिक व्यवहार खुंटलेला असणे आणि निरिच्छता, भावशून्यता ही लक्षणे ठळक असणे, ही चिन्हे प्रतिकूल मानतात. उपचारास झालेला विलंबही प्रतिकूल ठरतो. मात्र तो कारण आहे की संथ विकाराचे केवळ लक्षण, याविषयी मतभेद आहेत.

प्रारंभिक सुधारणा : हा विशेष भरवशाचा निकष होय. दोन आठवड्यांत लक्षणांत वीस टक्केही घट न झाल्यास त्याच औषधाने पुढे भरीव गुण येण्याचा संभव कमी असतो.

मेंदूतील रसायनक्रिया : पॉझिट्रॉन उत्सर्जन चित्रणावरून (पेट) असे दिसते की, डोपामीन या चेतापारेषकाची डी-२ ग्राहके सुमारे ६५ टक्के व्यापली गेल्यावाचून बहुतेक औषधांचा गुण सहसा येत नाही आणि व्याप्ती ७८ ते ८० टक्क्यांपलीकडे गेल्यास कंप व ताठरता उद्भवू लागते. तथापि, ग्राहके पुरेशी व्यापूनही ज्यांना उतार पडत नाही, अशा रुग्णांत डोपामीनची निर्मिती मुळात वाढलेलीच नसते, असे लंडन येथील संशोधनात आढळले. म्हणजे त्यांच्या विकाराचे मूळ अन्यत्र, कदाचित ग्लुटामेट या दुसऱ्या चेतापारेषकाच्या व्यवहारात, असावे.

आनुवंशिक घटक : यकृतातील सीवायपी२डी६ या विकराच्या जनुकभेदांमुळे काही औषधांची रक्तातील पातळी बदलते; त्यामुळे एकच मात्रा सर्वांना सारखी लागू पडत नाही.

क्लोझापीन : अन्य औषधांनी बरे न वाटलेल्या रुग्णांवरील १९८८ च्या अमेरिकन चाचणीत क्लोझापीन या औषधाने सहा आठवड्यांत ३० टक्के, तर क्लोरप्रोमाझीनने ४ टक्के रुग्ण सुधारले. क्लोझापीनची रक्तातील पातळी दर मिलिलिटरला सुमारे ३५० नॅनोग्रॅम असल्यास प्रतिसादाची शक्यता वाढते; धूम्रपानाने ही पातळी घटते. मात्र या औषधाने पांढऱ्या रक्तपेशी घटू शकत असल्याने त्यांची नियमित तपासणी अपरिहार्य असते.

यांपैकी कोणतेही एक मापन एखाद्या रुग्णाविषयी खात्रीचा निर्वाळा देत नाही. म्हणून औषध लागू पडत नाही असे ठरविण्यापूर्वी ते खरोखर पोटात जाते की नाही, याची शहानिशा प्रथम करावी. आणि दोन औषधे योग्य मात्रेने प्रत्येकी किमान सहा आठवडे देऊनही उतार न पडल्यास क्लोझापीनचा विचार लांबणीवर टाकू नये.