सावित्रीच्या खोऱ्यातली टाचणवही

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरच्या डोंगरातून खाली उतरते, महाडला गांधारीला पोटात घेते आणि दासगाववरून पुढे बाणकोटला समुद्राला मिळते. या खोऱ्यातून मीठ गेले, फौजा गेल्या, मुंबईचे चाकरमानी गेले आणि गणपतीला परत आले. शिक्षकाची टाचणवहीही याच वाटांनी फिरली. तिची जकात कुठल्या नाक्यावर भरली गेली नाही, म्हणून दप्तरात तिची नोंद फारशी सापडत नाही.

टाचण म्हणजे उद्या वर्गात काय शिकवायचे याची आज करून ठेवलेली नोंद. घटक, उद्दिष्ट, साहित्य, विचारायचे प्रश्न आणि शेवटी मुख्याध्यापकांच्या सहीपुरती जागा. पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या वाडीवर द्विशिक्षकी शाळा असते. चार इयत्ता, दोन गुरुजी. पहिलीला चिंचोके मोजायला बसवायचे, तेवढ्यात दुसरीला श्रुतलेखन घालायचे, आणि तिकडे तिसरी-चौथीचा गलका वाढला की आवाज चढवायचा. एक जण बैठकीला तालुक्याला गेला की चारही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात. अशा दिवशी शेजारच्या शाळेतल्या बाईंनी कापून ठेवलेले शब्दपत्त्यांचे पाकीट हाती असले की दुपार निभावते. शिकवण्याचे साहित्य एकमेकांना देण्याची गरज मुळात इथून निघाली.

पंतोजींच्या काळात साहित्य असे फारसे नव्हतेच. धूळपाटीवर तांबडा भुगा पसरायचा, त्यात काडीने अक्षर काढायचे आणि पाटी हलवून ते मोडायचे. बाकी सारे तोंडी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी उजळणी संध्याकाळी मुले एका सुरात म्हणत. ही कोष्टके कोणी बांधली हे कोणी विचारत नसे, आणि ती शिकवायला कोणाची परवानगीही लागत नसे. आज ज्याला मुक्त शैक्षणिक साहित्य म्हणतात त्याचा मराठीतला सर्वांत जुना नमुना पाहायचा तर तो पावकी-निमकीतच पाहावा लागेल. पंतोजीची स्वतःची हातोटी मात्र त्याच्याबरोबरच जाई.

छापील पुस्तक या खोऱ्यात शिरले ते समुद्राच्या बाजूने. बाणकोट आणि दासगाव १७५६ पासून इंग्रजांकडे होते. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी बाणकोटला ठाणे मांडले आणि आसपास शाळा काढायला सुरुवात केली. तिकडे मुंबईत सरकारी आश्रयाखालच्या मंडळीने मराठी शाळापुस्तके तयार करून घेतली आणि १८२६ मध्ये २४ शिक्षकांना तयार करून गुजरात, दख्खन आणि कोकणात पाठवले. पुढे सरकारचे मराठी भाषांतरकार मेजर कँडी यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय मराठी क्रमिक पुस्तक शाळेत पोचत नसे. पुस्तक वरून यायचे आणि गुरुजींनी ते पुढे सरकवायचे, अशी ती रचना होती. गुरुजींना काय सुचते, कोणत्या उदाहरणाने वजाबाकीतला हातचा मुलांच्या डोक्यात बसतो, हे वर कळवायची सोयच नव्हती.

ती थोडीफार झाली १८६१ मध्ये. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या संपादकत्वाखाली शिक्षणखात्याचे ‘मराठी शालापत्रक’ निघू लागले. गावोगावच्या शाळामास्तरांनी वाचावे असे हे मासिक, आणि एका मास्तराचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोचण्याचा त्या काळातला जवळजवळ एकमेव मार्ग. पुढे ते त्यांच्या मुलाच्या, विष्णुशास्त्र्यांच्या, हाती आले. ‘निबंधमाला’ लिहिणाऱ्या माणसाच्या हातात सरकारी मासिक दिले की काय व्हायचे ते झाले. मिशनऱ्यांवर टीका झाली, खात्याची मर्जी खपा झाली आणि १८७५ मध्ये शालापत्रक बंद पडले. शिक्षकांनी बोलावे, पण खात्याला रुचेल तेवढेच, ही अट तेव्हापासूनची आहे. ‘जीवन शिक्षण’ हे राज्याचे शैक्षणिक मासिक आपली परंपरा १८६१ च्या या पत्रकापर्यंत नेते. मधला खंड सोयीने विसरते.

महाडचा इतिहास सांगताना चवदार तळ्याशी थांबावेच लागते, आणि शाळेच्या इतिहासातही ते आडवाटेचे ठिकाण नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेल्या ठरावात, अस्पृश्यांना खुल्या करायच्या यादीत, सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, कचेऱ्या, दवाखाने यांच्याबरोबर शाळाही होत्या. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. पाणी मात्र कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ ला, महाडच्या परिषदेच्या वेळी, डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने ते प्यायले. या परिषदेमागे धडपडणारे आर. बी. मोरे याच तालुक्यातल्या लाडवलीचे. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत शिरण्यासाठी त्यांना भांडावे लागले होते, आणि शिरल्यावरही वेगळे बसावे लागले होते. जे लोकांच्या पैशातून उभे राहिले ते कोणाचे, हा प्रश्न महाडने तळ्याच्या निमित्ताने देशापुढे ठेवला. सरकारी पगारावरच्या शिक्षकाने सरकारी शाळेत बसून केलेला तक्ता कोणाचा, हा त्याचाच फार धाकटा भाऊ. दोघांना एका मापाने मोजू नये, पण नाते नाकारताही येत नाही.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, आणि कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या प्राथमिक शाळांचा कारभार अलिबागहून चालू लागला. २७ जानेवारी १९६७ ला बालभारतीची स्थापना झाली आणि सबंध राज्याला एक पुस्तक मिळाले. पुस्तक चांगले होते, पण पोलादपूरच्या मुलाला त्यातली आगगाडी दिसत नसे आणि त्याच्या नाचणीच्या शेतांना त्यात जागा नसे. ही फट शिक्षक आपल्या परीने बुजवत. ती बुजवण्याची जागा म्हणजे केंद्र संमेलन.

१९९४ मध्ये राज्याने ४,८६० केंद्रप्रमुखांची पदे निर्माण केली. दहा-बारा शाळांचे एक केंद्र, आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी एका शाळेत जमायचे. संमेलनाचा साचा ठरलेला होता. आधी ईशस्तवन, मग परिपत्रकांचे वाचन, मग माहिती कधी आणि किती प्रतींत द्यायची यावर चर्चा, मग यजमान शाळेचा आदर्श पाठ. त्या पाठात यजमान शाळेची मुले इतकी पटापट उत्तरे देत, की पाहुण्या शिक्षकांना शंका यावी. खरी देवघेव व्हायची ती पोहे आणि चहाच्या वेळी. कोणी पिशवीतून जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहिलेली जोडाक्षरे काढी, कोणी आगपेट्यांचे दशक दाखवी, कोणी म्हणे, “सर, तुमची ती गाण्यांची वही एक दिवस द्या, उतरवून घेतो.” वही जायची आणि परत यायला दिवाळी उजाडायची.

त्याच सुमारास सायक्लोस्टाइलचा जमाना होता. टंकयंत्राची फीत काढून मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरे ठोकायची, चुकले तर गुलाबी द्रवाचा ठिपका द्यायचा, आणि मग दांडा फिरवत प्रती काढायच्या. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे सरावसंच असेच तालुक्याबाहेर गेले. एका शाळेचा संच दुसरीकडे पोचेपर्यंत वरची ओळ पुसट झालेली असे, आणि तीच ओळ बहुधा शाळेच्या नावाची असे.

देशात अन्यत्र हेच काम जास्त जाणीवपूर्वक चालू होते. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात शिक्षक प्रयोग स्वतः करून पाहत आणि त्यांच्या अनुभवावरून पुस्तके बदलत. तिथे रमलेले अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत आले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून भूमिती शिकवणारा हा माणूस. त्यांनी आपली खेळणी, चित्रफिती आणि हजारो पुस्तके संकेतस्थळावर कोणालाही घेता येतील अशी ठेवली, मराठी पुस्तके त्यात भरपूर. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठीतले ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिक याच गोतावळ्यातले.

युनेस्कोच्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो २००२ मध्ये. रायगड जिल्ह्यात त्याचे पाऊल लवकर वाजले. २००७ मध्ये कर्जतकडच्या खैराट गावातल्या एकशिक्षकी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. या घडामोडींत रस घेणाऱ्या मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ‘मेटास्टुडिओ’ नावाचे व्यासपीठ उभे केले होते. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी तिथे लिहावे, चर्चा करावी आणि लिहिलेले सर्वांना वापरू द्यावे, अशी त्याची मांडणी. कल्पना उत्तम होती, पण महाड-पोलादपूरच्या गुरुजींची गाठ तिच्याशी क्वचितच पडली. ही मंडळी जमली ती दुसऱ्याच कारणाने.

ते कारण म्हणजे नोंदी. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाला वर्णनात्मक नोंद लिहिणे भाग पडले. तीस मुले, आठ विषय, दोन सत्रे. गुणाकार करून पाहावा. कोणीतरी नोंदींची तयार यादी टंकून पाठवली आणि वणवा पेटावा तशी ती पसरली. ‘स्वच्छतेची आवड आहे’, ‘वर्गकार्यात उत्साहाने भाग घेतो’ ही वाक्ये पोलादपूरपासून गोंदियापर्यंत एकाच शब्दांत मुलांच्या कपाळी आली. महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या जाळ्याची ही पायाभरणी, आणि ती मुलांना शिकवण्यासाठी झालेली नव्हती, हे मान्य करायला हवे. निकालपत्रकाची एक्सेल, हजेरीचे सूत्र, पटनोंदणीचा नमुना अशी मागणी त्या मागोमाग आली. स्वतःचे पान उघडून ती पुरवणारे तरुण शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले, आणि गर्दी जमल्यावर त्यांनी हळूच त्यात कविता, चित्रफिती, स्वाध्यायही ठेवले. कारकुनीच्या गाडीतून अध्यापन आले.

२२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयाने या जाळ्याला वेग दिला. आंबेनळी घाट चढला की पलीकडे सातारा जिल्हा, आणि तिथल्या कुमठे बीटचे, म्हणजे काही केंद्रांच्या गटाचे, नाव तेव्हा प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी होते. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी वर्गाची जमीनच फळा केली होती. फरशीवर संख्यारेषा, अक्षरांची चौकट, आणि मुले त्यावर उड्या मारत वाचतायत. राज्यभरातून बस भरभरून शिक्षक ते पाहायला गेले. येताना फोटो घेऊन आले आणि महिन्याभरात आपापल्या फरश्या रंगवून मोकळे झाले. काही ठिकाणी फक्त फरशीच रंगली, हेही खरे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाच्या पानाला क्यूआर कोड जोडला. ती कल्पना बालभारतीच्या पुस्तकांत आली, आणि डिसलेंना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. ५ सप्टेंबर २०१७ ला केंद्र सरकारचे शालेय साहित्याचे ‘दीक्षा’ व्यासपीठ सुरू झाले होतेच. पावकीच्या काळात न विचारलेला प्रश्न तिथे विचारला जातो: हे कोणत्या परवान्याखाली देणार?

मग २०२० आले. ३ जूनला निसर्ग वादळाने दक्षिण रायगडची वीज तोडली, आणि शाळा तर करोनामुळे मार्चपासूनच बंद होत्या. ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ या उपक्रमात राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेकडून अभ्यासमालेचे दुवे रोज निघत आणि केंद्राच्या गटातून पालकांच्या गटात जात. ज्या वाडीत रेंजच नाही तिथे दुवा कोणाला पाठवायचा? जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, तेव्हा ज्यांच्या घरी छत्री लावलेला टीव्ही होता त्यांचे थोडेफार निभावले. बाकी ठिकाणी गुरुजी छापलेले स्वाध्याय पिशवीत घालून दारोदार फिरले, म्हणजे पुन्हा सायक्लोस्टाइलच्या वाटेने. पुढच्या वर्षी २२ जुलैला महाड पाण्याखाली गेले, तळियेत डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी ढिगाऱ्याखाली आली. टाचणवहीचा लगदा झाला तरी पीडीएफ कुठेतरी राहते, असे एरवी म्हणता येते. त्या आठवड्यात मोबाइल चार्ज करायला वीज नव्हती.

आता प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये केंद्राचा, बीटाचा, तालुक्याचा आणि संघटनेचा असे निदान चार गट असतात. डोंगरावरचे गुरुजी शनिवारी घाट उतरून पोलादपूरला आले की खिशातला फोन मिनिटभर थरथरत राहतो. येणाऱ्या फाइलच्या शेवटी ‘संकलन’ असे लिहून एक नाव आणि शाळा असते. तीच फाइल दोन गट फिरून परत येते तेव्हा नाव बदललेले असते, कधी दोन नावे असतात, कधी नावाच्या जागी फक्त हात जोडलेले चित्र. यावरून गटात अधूनमधून भांडणे होतात आणि कोणीतरी सुविचार टाकून ती मिटवतो. जूनमध्ये शाळा उघडली की मागच्या वर्षीचे टाचण पुन्हा येते. वरचे साल नवीन, अक्षराचा रंग नवीन, आणि तिसऱ्या पानावर ‘उद्दिष्ट’मधली ती जुनी शुद्धलेखनाची चूक जशीच्या तशी. केंद्रातली जुनी मंडळी त्या चुकीवरूनच ओळखतात, मूळ फाइल कोणाची ते.