खळ्या पडलेला चेंडू

शिक्षकांच्या शिबिरात आम्ही नेहमी एक प्रश्न विचारतो. एकाच वजनाचे व आकाराचे दोन चेंडू, एक काचेसारखा गुळगुळीत, दुसरा खळग्यांनी भरलेला. दोन्ही सारख्याच वेगाने मारले तर लांब कोणता जाईल? बहुतेक हात गुळगुळीत चेंडूच्या बाजूने वर होतात. त्यात हसण्यासारखे काही नाही. गोल्फच्या चेंडूने या प्रश्नाचे उत्तर दिले, पण ते उत्तर समजायला मोठमोठ्या डोक्यांना पाऊणशे वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमध्ये गोल्फचा चेंडू पिसांचा असे. कातड्याचे तुकडे शिवून लहानशी पिशवी करायची, ती उलटायची आणि ठेवलेल्या छिद्रातून उकळलेली हंसाची पिसे लोखंडी सळईने ठासायची. एका चेंडूला टोपीभर पिसे लागत. कातडे वाळताना आक्रसे, पिसे वाळताना फुगत, आणि या ओढाताणीतून चेंडू दगडासारखा टणक होई. चांगल्या कारागिराचे दिवसाला तीन-चार चेंडू होत. पिसांची धूळ छातीत जाऊन त्यांना दमा जडे. पावसात भिजला की हा चेंडू शिवणीवर उसवे. इतका महाग आणि इतका नाजूक चेंडू हरवणे सामान्य माणसाला परवडणारे नव्हते.

१८४८ च्या सुमारास गटापर्चा आला. हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक. गरम पाण्यात मऊ होतो, हवा तो आकार घेतो, थंड झाला की कडक होतो. समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर याचेच वेष्टन असे आणि दातांचे डॉक्टर मुळातली पोकळी भरायला तो आजही वापरतात. रॉबर्ट पॅटरसन नावाच्या विद्यार्थ्याच्या घरी पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, तिच्याभोवती पेटीत गटापर्च्याचे तुकडे भरलेले होते आणि त्यांचाच त्याने चेंडू वळला, अशी एक कथा सांगतात. कथेला पाठभेद पुष्कळ आहेत, तेव्हा ती कथा म्हणूनच घ्यावी.

नवा चेंडू स्वस्त होता आणि फुटला तर वितळवून पुन्हा वळता येई. पिसांचे चेंडू करणाऱ्यांच्या पोटावरच तो पाय होता. सेंट अँड्रूजचा ॲलन रॉबर्टसन हा त्यांतला नामांकित कारागीर आणि तितकाच पट्टीचा खेळाडू. त्याच्या हाताखाली टॉम मॉरिस काम करी. एकदा मॉरिस गटापर्च्याच्या चेंडूने खेळताना दिसला आणि दोघांचे बिनसले. मॉरिस त्याला सोडून गेला, १८५१ साली प्रेस्टविकला पोहोचला आणि पुढे गोल्फच्या इतिहासातले मोठे नाव झाला. रॉबर्टसनलाही अखेर नवे चेंडूच करावे लागले.

पण नव्या चेंडूत एक खोट निघाली. साच्यातून काढलेला गुळगुळीत चेंडू थोडे अंतर जाऊन अचानक खाली बसे. गंमत अशी की तोच चेंडू काही दिवस खेळून ओरखडे पडले की सरळ आणि लांब जाई. खेळाडूंनी त्याचे कारण शोधत बसण्याऐवजी नवा चेंडू हातोडीने ठोकून ठोकून खराब करायला सुरुवात केली! पुढे साच्यातच रेघा आल्या, मग फळावरच्या दाण्यांसारखे उंचवटे आले. १८९९ मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केल याने रबराचा ताणलेला दोरा गुंडाळून केलेल्या चेंडूचे पेटंट घेतले, आणि थोड्याच वर्षांत गटापर्चा मागे पडला. १९०५ साली इंग्लंडमधील लेस्टरच्या विल्यम टेलर याने उंचवटे उलटे करून त्यांच्या जागी खळ्या पाडण्याचे पेटंट मागितले. टेलर हा भिंगे बनविणाऱ्या कारखान्यातला अभियंता. आजच्या चेंडूवर साधारण तीनशे ते पाचशे खळ्या असतात, प्रत्येकीची खोली पाव मिलिमीटरच्या आसपास.

हे सारे झाले तेव्हा खळ्या का उपयोगी पडतात हे कुणालाच सांगता येत नव्हते.

त्याचा उलगडा गोल्फच्या मैदानापासून फार दूर झाला. १९०४ मध्ये लुडविग प्रांटल यांनी दाखवले की वाहत्या हवेत पदार्थाच्या अंगालगत एक पातळ थर असतो व घर्षणाचा सारा खेळ त्यातच चालतो. यालाच आपण सीमास्तर म्हणतो. १९१२ मध्ये पॅरिसच्या मनोऱ्यामुळे आपल्याला ठाऊक असलेले आयफेल गोलावरचा हवेचा रोध मोजत होते. त्यांचे आकडे जर्मनीतील गटिंगेनच्या आकड्यांच्या निम्म्याहून कमी निघाले. गटिंगेनच्या मंडळींना वाटले, यांच्या गणितात कुठेतरी २ चा गुणक राहिला असावा. आयफेल यांनी वेगवेगळ्या वेगांना मापे घेतली, तेव्हा दिसले की ठरावीक वेगाच्या पुढे रोध एकदम घसरतो. दोघेही बरोबर होते! १९१४ मध्ये प्रांटल यांनी गोलाभोवती बारीक तारेचे कडे बसवले आणि कमी वेगालाच रोध उतरवून दाखवला.

कारण असे. संथ थर गोलाच्या मध्यापाशीच पृष्ठभाग सोडतो व मागे भोवऱ्यांचा रुंद पट्टा राहतो. तेथे दाब कमी असतो, म्हणून चेंडू मागे खेचला जातो. थरात खळबळ झाली तर बाहेरची वेगवान हवा आत मिसळते, थर पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहतो आणि मागचा पट्टा अरुंद होतो. गुळगुळीत गोल्फचेंडूत ही खळबळ आपोआप व्हायला ताशी सुमारे ३८० किलोमीटर वेग लागेल. जोरदार फटक्याचा वेग २५० च्या आसपास असतो. खळ्यांमुळे मात्र ती ६०-७० लाच सुरू होते आणि रोध जवळपास निम्मा होतो. घर्षण थोडे वाढते खरे, पण तो तोटा किरकोळ. क्रिकेटमधला स्विंगही याच थराची करामत आहे, फक्त तेथे शिवण एकाच बाजूला खळबळ माजवते.

दुसरा अर्धा भाग फिरकीचा. एडिंबरोचे भौतिकीचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट स्वतः गोल्फवेडे होते. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटनच्या हौशी खेळाडूंचा विजेता ठरला. उलट्या फिरकीमुळे चेंडूला उचल मिळते हे टेट यांनी ओळखले. फिरकी मोजायला त्यांनी चेंडूला एक लांब फीत बांधली, दुसरे टोक जमिनीशी ठेवले, आणि फटक्यानंतर फितीचे पीळ मोजले. आम्हाला हा प्रयोग फार आवडतो. आजची महागडी यंत्रे जे मोजतात, ते एका फितीने मोजले गेले होते.

वर्गात फिरकी दाखवायला कागदाची हलकी नळी पुरे. टेबलावर तिरकी फळी ठेवून नळी वरून सोडा. कडेवरून खाली पडताना ती पुढे न जाता टेबलाखाली वळते. नळी फिरते आहे पुढच्या दिशेने आणि वळते आहे मागे, हे पाहून विद्यार्थी गोंधळतात. त्यांना थोडा वेळ गोंधळू द्यावे.

खळ्यांचे गणित कळल्यावर त्यांच्याशी खेळणेही सुरू झाले. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील फ्रेड होल्मस्ट्रॉम आणि डॅनियल नेपेला यांनी पोलारा नावाचा चेंडू काढला. खोल खळ्या फक्त मधल्या पट्ट्यात, दोन्ही ध्रुवांकडे उथळ. नीट ठेवून मारला तर तो डावी-उजवीकडे फारसा भरकटत नसे. नवशिक्याला वरदानच! अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९८१ मध्ये नियम केला की चेंडू कसाही ठेवला तरी सारखाच उडला पाहिजे, आणि पोलारा बाद झाला. प्रकरण न्यायालयातही गेले. चेंडू फार लांब जातो अशी तक्रार आता खुद्द नियम करणारेच करतात. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी चाचणीच्या अटी कडक करण्याचे जाहीर केले. चाचणीच्या फटक्याचा वेग त्यांनी ताशी १२० वरून १२५ मैलांवर नेला, पण चेंडू जास्तीत जास्त किती लांब जावा ही मर्यादा जुनीच ठेवली, ३१७ यार्ड.