पत्र्याच्या मासेरातीची साक्ष

माझ्यासमोर टेबलावर स्केलेक्स्ट्रिक या शर्यतीच्या खेळातली पत्र्याची मासेराती २५०एफ आहे. तिच्यावर बनावटीचे वर्ष नाही, सोबत डबा नाही, खरेदीची पावती नाही. वीज दिली की मागची चाके फिरतात, पण उलटी. गाडी पुढे जाण्याऐवजी मागे सरकते आणि थोड्याच वेळात मोटर तापते. यातून दोन प्रश्न निघतात. ही गाडी कधीची? आणि कारखान्यातून निघाल्यानंतर तिला कोणी उघडले होते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय दुरुस्तीला हात घालणे योग्य नाही. दुरुस्ती म्हणजे पुराव्यातच केलेला बदल. एकदा तो केला की आधीची स्थिती पुन्हा पाहायला मिळत नाही.

पहिल्या प्रश्नाला कागदपत्रांचा आधार बराच आहे. फ्रेड फ्रान्सिस या इंग्रज टूलमेकरने १९४७ मध्ये मिनिमॉडेल्स ही कंपनी काढली. १९५२ मध्ये ‘स्केलेक्स’ नावाच्या पत्र्याच्या गाड्या बाजारात आल्या. त्या स्प्रिंगवर चालत, पण त्यांना किल्ली नव्हती. पोटाखाली एक पाचवे चाक असे. गाडी जमिनीवर दाबून मागे ओढली की त्या चाकाने स्प्रिंग गुंडाळली जाई आणि सोडली की गाडी पळे. मागणी वाढली, तसा १९५४ मध्ये कारखाना लंडनहून हॅम्पशायरमधल्या हॅव्हंटला गेला. जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात स्केलेक्स्ट्रिक पहिल्यांदा लोकांसमोर आले. त्यात विजेवरची गाडी होती, मार्गात खाच होती आणि खाचेलगत वीज वाहणाऱ्या पट्ट्या होत्या. १९५८ मध्ये फ्रान्सिस यांनी धंदा लाइन्स ब्रदर्सला, म्हणजे ‘ट्राय-अँग’ हे नाव चालवणाऱ्या कंपनीला विकला. १९६० मध्ये प्लास्टिकच्या लोटस आणि व्हॅनवॉल आल्या. एवढा सांगाडा पक्का धरायला हरकत नाही.

या सांगाड्यात एक गोष्ट मात्र वेगळ्या जातीची आहे. विजेची कल्पना कशी सुचली, याची एक हकिकत सांगितली जाते. फ्रान्सिस यांनी एका व्यापारी प्रदर्शनात मार्गावर फिरणाऱ्या विजेच्या गाड्या पाहिल्या. गाड्या आपल्या फिरत होत्या आणि पाहणाऱ्याच्या हाती काहीच नव्हते. खेळणाऱ्याच्या हाती वेग दिला तरच यात खेळ आहे, हे त्यांनी ओळखले. हकिकत पटण्याजोगी आहे, पण यशानंतर सांगितलेल्या आठवणीला कागदाइतके वजन देता येत नाही. म्हणून तिचे दोन भाग करावे लागतात. जुनी स्केलेक्स गाडी घेऊन तिच्यात विजेची मोटर बसवली, या भागाला वस्तूंचा स्वतंत्र आधार आहे. प्रदर्शनातला तो क्षण मात्र केवळ सांगण्यावर उभा आहे. पहिला भाग मी इतिहास म्हणून घेतो आणि दुसरा आख्यायिकेच्या खात्यात टाकतो.

तो वस्तूंचा आधार कोणता, हे पाहण्यासारखे आहे. १९५७ च्या पहिल्या गाड्या दोन: मासेराती २५०एफ आणि फेरारी ३७५. मासेरातीची निवड सहज समजते. खरी २५०एफ १९५४ पासून शर्यतीत होती आणि १९५७ मध्ये हुआन मॅन्युएल फान्जिओने तिच्यावरच आपले पाचवे विश्वविजेतेपद मिळवले. फेरारी ३७५ मात्र खटकते. १४ जुलै १९५१ रोजी सिल्व्हरस्टोनला चालक गोन्झालेझने याच गाडीवर फेरारीला विश्वविजेतेपद स्पर्धेतला पहिला विजय मिळवून दिला, हे खरे. पण १९५२ मध्ये ही स्पर्धा दोन लिटरच्या फॉर्म्युला टूच्या नियमांनी घेतली गेली, आणि साडेचार लिटरच्या ३७५ ला तिच्यातल्या ग्रां प्रीत जागाच उरली नाही. १९५७ मध्ये अगदी नवा म्हणून आणलेल्या खेळात पाच वर्षांपूर्वीच बाद झालेली गाडी का?

उत्तर साच्यात सापडते. पत्रा दाबून त्याला आकार देणारे साचे बनवणे, हा अशा गाडीतला सगळ्यात महाग भाग. स्केलेक्सच्या मालिकेत फेरारी ३७५ आधीच होती, तिचे साचे तयार होते. म्हणजे खेळ नवा असला तरी अंगावरचा पत्रा जुन्या साच्यांतून निघालेला होता. हा माझा तर्क आहे, कारखान्याच्या कागदावर लिहिलेले वाक्य नव्हे. पण स्केलेक्समधून स्केलेक्स्ट्रिक निघाले, या हकिकतीच्या पहिल्या भागाला त्यामुळे चांगलाच आधार मिळतो.

आता माझ्या गाडीकडे वळू. तिच्या पोटाखाली स्प्रिंगची यंत्रणा नाही. तिथे वीज उचलणारे फिरते चाक आहे. त्याच्या दोन धातूच्या चकत्यांमध्ये वीज अडवणारा भाग आहे, आणि एकेक चकती एकेका पट्टीला टेकते. त्यामुळे ही गाडी १९५७ च्या आधीची नाही, हे निश्चित. नंतरची मर्यादा तितकी घट्ट बसत नाही. १९६० मध्ये प्लास्टिक आले म्हणजे पत्र्याची शेवटची गाडी त्याच दिवशी विकली गेली, असे होत नाही. कॅटलॉग विक्रीचे वर्ष सांगतो, बनावटीचे नाही. डबा असता आणि त्यावर ट्राय-अँगचे चिन्ह असते, तर तो डबा १९५८ च्या हस्तांतरानंतरचा आहे एवढे कळले असते. तरीही डब्याची साक्ष जपूनच घ्यावी लागते. डबे बदलतात आणि गाडी एकाची, डबा दुसऱ्याचा, असे जोड संग्राहकांच्या बाजारात नेहमी दिसतात. तेव्हा निर्णय असा: १९५७ ची किंवा त्यानंतरची हे निश्चित, १९६० च्या आसपासपर्यंतची हे संभाव्य.

दुसऱ्या प्रश्नाला कागद नाहीत. तिथे गाडीच दस्तऐवज आहे आणि तो मल्टिमीटरने वाचायचा आहे. एक खबरदारी आधी सांगायला हवी. त्या काळचा ट्रान्सफॉर्मर घरच्या विजेला लावून पाहू नये. तारेवरचे जुने रबर भुगा होऊन गळलेले असते. मी आधुनिक पॉवर सप्लाय वापरला, करंटला मर्यादा घातली आणि सुरुवात तीन व्होल्टने केली.

चाके उलटी का फिरतात? पहिला संशय गाडीवर घ्यायचा नाही, मार्गावर घ्यायचा. डायरेक्ट करंटच्या मार्गावर गाडी तोंड फिरवून ठेवली तर तिच्या दोन चकत्या पट्ट्यांची अदलाबदल करतात. त्यामुळे तोंड कुठेही असो, ती मार्गावर एकाच दिशेने जाते. मार्गाला वीज उलटी जोडली असेल तर धडधाकट गाडीही मागे पळेल. म्हणून त्याच मार्गावर, त्याच खाचेत, त्याच बाजूला तोंड करून एका स्नेह्याच्या संग्रहातली पत्र्याची फेरारी ठेवली. ती सरळ पुढे गेली. फरक गाडीतच आहे.

मग मोटर. आर्मेचरला, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला, तीन ध्रुव आहेत आणि त्याला वीज पोहोचवणाऱ्या कम्युटेटरचे तीन तुकडे. कार्बन ब्रश बाजूला घेऊन दोन-दोन तुकड्यांमधला रोध मोजला की तीन आकडे मिळतात. अशा लहान मोटरीत तिन्ही वाइंडिंग बहुधा त्रिकोणी जोडणीत असतात. सगळे शाबूत असेल तर तिन्ही आकडे सारखे येतात. एक वाइंडिंग तुटले असेल तर दोन आकडे सारखे आणि तिसरा त्यांच्या दुप्पट येतो, कारण त्या जोडीत करंटला उरलेल्या दोन्ही वाइंडिंगांतून फिरून जावे लागते. माझ्या मासेरातीचे तिन्ही आकडे मीटरच्या अचूकतेच्या मर्यादेत सारखे आले. आर्मेचर निर्दोष ठरले.

तरीही मोटर तापत होती. उचलून धरली की चाके भन्नाट फिरत, बोट टेकवले की लगेच दबत. नवशिक्याला हा वेग ताकदीचा वाटतो. प्रत्यक्षात कमजोर चुंबकाचे हेच लक्षण आहे. चुंबकीय क्षेत्र क्षीण झाले की मोटर मोकळी असताना जास्त वेगाने फिरते, पण ओढ कमी होते, आणि भार पडला की जास्त करंट खाऊन तापते. आता चुंबक कशाचा? मीटरच्या दोन्ही टोकांनी चुंबकाच्या उघड्या कडेला स्पर्श केला आणि वीज आरपार गेली. फेराइटमधून ती अशी जात नाही. म्हणजे हा धातूचा, त्या काळी सर्रास वापरला जाणारा अल्निको. अल्निकोची खोड अशी की चुंबकाच्या जबड्यातून आर्मेचर काढले आणि मधली फट लोखंडाने भरली नाही, तर तो आपली बरीच शक्ती गमावतो.

इथे पहिला ठोस दुवा मिळाला. क्षीण चुंबक सांगतो की ही मोटर बहुधा पूर्वी उघडली गेली होती. ‘बहुधा’ म्हणायचे कारण असे की शेजारच्या तीव्र चुंबकानेही असे होऊ शकते.

उलट्या फिरण्याची मीमांसा यानंतर सोपी व्हायला हवी होती, पण ती गुंतली. अशी मोटर उलटी फिरण्याचे कारण दोहोंपैकी एक: तारांची अदलाबदल, किंवा चुंबक फिरवून बसवलेला. दोन्ही एकदम झाले तर मोटर सरळच फिरते. म्हणजे सरळ चालणारी गाडी कधी उघडलीच नव्हती, असेही म्हणता येत नाही. मोटरीची चौकट उघडी असल्याने काहीही न खोलता होकायंत्र थोडे लांब धरून ध्रुव पाहता आले. मासेराती आणि फेरारी, दोन्हींच्या चुंबकांची दिशा एकच निघाली. तारांची जोडणी मात्र उलट.

दोन गाड्यांत फरक आहे तो तारांचा, हे आता निश्चित. पण मूळ जोडणी कुणाची? फेरारी सरळ चालते एवढ्यावरून तिला प्रमाण मानणे म्हणजे एकाच साक्षीदारावर निकाल देणे. फेरारीतही पूर्वी कुणी तारा आणि चुंबक दोन्ही फिरवले असतील, तर माझे सगळे गणित उलटते. भिंग घेऊन सोल्डरचे सांधे पाहिले. फेरारीचे दोन्ही सांधे करडे, मंद, सारख्या आकाराचे. मासेरातीचे दोन्ही सांधे चकचकीत आणि फुगीर, एका तारेचे आवरण कडेला वितळलेले, आणि त्याखाली जुन्या करड्या सोल्डरचा पातळ थर शिल्लक. नंतरचा हात मासेरातीवर फिरला आहे. फेरारीच्या बाजूने उरलेली शंका यामुळे बरीच कमी होते, पण पूर्ण जात नाही.

सगळे एकत्र मांडले तर हकिकत अशी उभी राहते. कुणीतरी मोटर साफ करायला उघडली, आर्मेचर बाहेर काढले आणि चुंबक उघडा राहिला. जोडताना तारा अदलाबदल झाल्या. गाडी मागे पळू लागली आणि तिचा जोरही गेला. या हकिकतीतला ‘उघडली’ आणि ‘अदलाबदल’ हा भाग चुंबकाच्या आणि सांध्यांच्या साक्षीवर उभा आहे. हे सारे एकाच वेळी, एकाच हाताने घडले, हा दुवा मात्र माझ्या पदरचा. दोन निरनिराळ्या दुरुस्त्यांनीही हेच झाले असते.

यानंतरच दुरुस्ती केली. आधी सांध्यांची छायाचित्रे, मग तारांची अदलाबदल. चुंबक पुन्हा भारला तो मोटर जोडलेली असतानाच, अन्यथा आर्मेचर बसवेपर्यंत पुन्हा तेच झाले असते. आता चाके मोकळी फिरताना पूर्वीपेक्षा सावकाश फिरतात, करंट कमी घेतात आणि बोटाला दाद देत नाहीत. रंगाला हात लावला नाही. पत्र्यावरचे ओरखडे खेळाचे की दुरुस्तीचे, हे अजून ठरायचे आहे. टणक झालेले रबरी टायर काढून पिशवीत ठेवले, टाकले नाहीत.

गाडीसोबत एक चिठ्ठी ठेवली आहे: काय बदलले, कधी, का, आणि कोणता निष्कर्ष कशावर आधारलेला आहे. तिच्यात शेवटची ओळ फेरारीबद्दल आहे. पत्र्याची तिसरी गाडी, सांधे कधीच न छेडलेली, हाती आली तर आधी तिची जोडणी पाहावी. ती फेरारीसारखी निघाली तर वरचा निष्कर्ष पक्का. मासेरातीच्या दुरुस्तीपूर्वीच्या जोडणीसारखी निघाली तर चिठ्ठी फाडू नये, तिच्याखाली दुरुस्ती लिहावी.