गोंधळाचे मुद्रण : अल्बम आणि सुटे गाणे

१. व्याख्या
ठरावीक क्रमाने बांधलेला गीतसंच म्हणजे अल्बम; त्यातून वेगळे काढून एकट्याने वाजवले जाते ते सिंगल. लोकगायकाच्या बाबतीत हा भेद कितपत टिकतो, हे गोंधळ या देवीच्या विधिगायनावरून तपासता येते. अंबाजोगाईची योगेश्वरी ही असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी. मराठवाड्यात लग्नकार्य पार पडले की देवीचा गोंधळ घालण्याची रीत अनेक घरांत आहे.

२. मूळ बांधणी
पाटावर खण अंथरून, धान्यावर कलश ठेवून चौक मांडतात, दिवटी पेटते. मग पूर्वरंग सुरू होतो. त्यात गण आणि आवाहन येते: तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी, जेजुरीचा खंडोबा अशा एकेका दैवताला त्याच्या ठाण्यासह गोंधळाला बोलावतात. उत्तररंगात आख्यान लागते. नाईक म्हणजे मुख्य गोंधळी कथा सांगतो, साथीदार मध्येच शंका काढून त्याला अडवतो, श्रोते हसतात. शेवटी आरती. साथीला संबळ, तुणतुणे, झांज. यातला क्रम विधीने ठरलेला असतो, लांबी मात्र बैठक ठरवते.

३. मुद्रणाचे माप
मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मावत. १९४८ साली आलेल्या एलपीने ती मर्यादा वीसेक मिनिटांपर्यंत नेली. १९६३ची फिलिप्सची कॅसेट १९८०च्या दशकात आपल्याकडे घरोघरी पोचली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. मुद्रण स्वस्त झाले आणि देवीची गाणी जत्रेतल्या दुकानांत विकायला आली.

४. काय सुटते, काय तुटते
आवाहन सहज सुटे होते. त्यात पालुपद पक्के असते आणि प्रत्येक कडवे स्वयंपूर्ण. चार दैवते कमी घेतली तरी गाण्याचा तोल जात नाही. तीन मिनिटांतही ते पुरे वाटते. आख्यानाचे तसे नाही. तिथे संबळ संवादाच्या मागे दबते, कथेने वळण घेतले की उसळते. साथीदाराची शंका काढून टाकली तर नाईकाच्या उत्तराला अर्थ उरत नाही. लोकशाहीर विठ्ठल उमपांचे ‘जांभूळ आख्यान’ रंगमंचावर गाजले, कारण कथा, गाणे आणि अभिनय यांना तिथे सलग वेळ मिळाला. उलट ‘जोगवा’ (२००९) चित्रपटातले संगीतकार अजय-अतुल यांचे ‘लल्लाटी भंडार’ चित्रपटाबाहेर एकटेही वाजते. त्याची वीण ताल, पालुपद आणि समूहस्वर यांची आहे.

५. निष्कर्ष
सिंगल होण्याची क्षमता गाण्याच्या लोकप्रियतेआधी त्याच्या बांधणीत असते. जिथे पुनरावृत्ती आहे तिथे कात्री चालते. जिथे पुढचे मागच्यावर उभे आहे तिथे चालत नाही. त्यामुळे बाजारासाठी झालेल्या मुद्रणात पूर्वरंग वरचढ ठरतो आणि नुसते मुद्रण ऐकणाऱ्याला गोंधळ म्हणजे देवीची गाणी एवढेच वाटते. आज वेळेची तांत्रिक अडचण उरलेली नाही. एखाद्या गोंधळ्याचा अल्बम करायचा तर आवाहन सुटे द्यावे, पण आख्यान शंका-उत्तरांसकट अखंड ठेवावे.