फाइल तीच, मग मराठी अक्षरं का बदलतात? फॉन्टच्या नावाचा घोळ समजून घ्या

समजा, कोरेगावातल्या एका डीटीपी सेंटरमध्ये तुम्ही विंडोजवर कार्यक्रमपत्रिका तयार करून घेतली. साताऱ्यातल्या मित्राने तीच फाइल मॅकवर उघडली, तर शीर्षकाचा ठळकपणा गेलेला, ओळी पुढच्या पानावर सरकलेल्या आणि काही ठिकाणी नुसते चौकोन! फाइल करप्ट झाली असं आपल्याला वाटतं. पण बऱ्याचदा फाइल ठणठणीत असते, गडबड फॉन्ट शोधताना होते.

फाइलमध्ये नेमकं काय असतं?

साध्या फाइलमध्ये फॉन्ट नसतो, फक्त त्याचं नाव असतं. फाइल उघडली की एडिटर त्या नावाचा फॉन्ट कॉम्प्युटरमध्ये शोधतो. सापडला नाही, तर दुसरा लावतो.

मग नाव का जुळत नाही?

कारण एकाच फॉन्टला अनेक नावं असतात. मुंबईच्या 'एक टाइप'चा मोफत फॉन्ट 'मुक्त' बघा. तो अगदी बारीक ते अगदी ठळक अशा 7 वजनांत मिळतो. विंडोजच्या जुन्या पद्धतीत एका फॉन्ट कुटुंबात चारच प्रकार बसतात: साधा, ठळक, तिरपा आणि ठळक-तिरपा. त्यामुळे तिथे 'मुक्त सेमीबोल्ड' हे वेगळंच कुटुंब ठरतं. मॅकवर मात्र कुटुंब 'मुक्त' आणि 'सेमीबोल्ड' हा त्याचा प्रकार. विंडोजवर लिहिलेलं नाव मॅकवर जसंच्या तसं शोधलं, तर हाती काहीच लागत नाही.

यावर काही प्रोग्रामर शॉर्टकट काढतात: नावात 'मुक्त' दिसलं की तो फॉन्ट उचलायचा. पण 'मुक्त मालार' हा तमिळ फॉन्ट आहे. त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत!

कोड कसा दुरुस्त करायचा?

• नावाचे तुकडे जुळवत बसण्याऐवजी सिस्टिमलाच विचारायचं. विंडोजवर डायरेक्टराइट, मॅकवर कोअर टेक्स्ट आणि लिनक्सवर फॉन्टकॉन्फिग हे काम करतात.
• कुटुंब आणि वजन वेगळं साठवायचं. वजन आकड्यात ठेवायचं: साधा 400, सेमीबोल्ड 600, बोल्ड 700.
• फॉन्टमध्ये हवी ती अक्षरं आहेत का, हे तपासायचं.
• फॉन्ट बदलावा लागला, तर वापरणाऱ्याला तसं सांगायचं. गुपचूप बदल केला, तर चूक थेट छापून आल्यावर कळते.

मराठीसाठी एक सोपी चाचणी म्हणजे 'साताऱ्यात' हा शब्द. यातला 'ऱ्या' नीट जोडला गेला नाही किंवा र खाली नुक्ता दिसला, तर फॉन्ट किंवा एडिटर मराठीसाठी कच्चा आहे, असं समजा.

जुन्या फॉन्टमध्ये धोका जास्त का?

युनिकोडमध्ये 'क' या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. फॉन्ट बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो, फक्त दिसणं बदलतं. युनिकोडच्या आधीच्या अनेक मराठी फॉन्टमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवलेले होते. तो फॉन्ट सापडला नाही, तर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. म्हणजे एकीकडे फक्त सजावट जाते, दुसरीकडे अर्थच जातो. जमिनीचे किंवा संस्थेचे जुने कागद अशा फॉन्टमध्ये असतील, तर वेळीच युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मूळ प्रतीशी ताडून बघा.

तुम्ही काय करू शकता?

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. छपाईला देताना पीडीएफ करा, त्यात सहसा फॉन्टही सोबत जातो. समोरच्याला फाइलमध्ये बदल करायचे असतील, तर वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करण्याचा पर्याय आहे. आणि छापायला 'ओके' म्हणण्याआधी ज्या कॉम्प्युटरवरून प्रिंट निघणार आहे, त्यावर फाइल एकदा उघडून बघा.