पाटा ते ओटा : स्वयंपाकघरातील दगडाचा इतिहास

भिवंडीतील आमच्या घराचा स्वयंपाकाचा ओटा बदलायचे ठरले, तेव्हा कडप्पा, ग्रॅनाइट आणि संगमरवर यांचे तुकडे समोर मांडून आम्ही बसलो होतो. मोरीपाशी आईचा पाटा भिंतीला टेकवून ठेवलेला होता. ‘नव्या ओट्यावर याला जागा कुठली?’ असे कारागिराने विचारले, आणि दगड निवडण्याच्या या घरगुती प्रश्नामागे केवढा मोठा इतिहास आहे, हे आमच्या ध्यानात आले.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘ओटा’ हा मूळचा स्वयंपाकघरातला शब्द नव्हे. ओटा म्हणजे घरापुढचा किंवा झाडाभोवतीचा, बसण्याबोलण्याचा चौथरा. स्वयंपाक होई तो जमिनीलगत. चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर आणि रांधणारी बाईही जमिनीवर. स्टोव्ह आणि नंतर गॅस आला, शहरी बिऱ्हाडातली जागा आक्रसली, तसा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. युरोपात १९२६ साली मार्गारेट श्यूट-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या कामगार-वसाहतींसाठी हालचालींचा हिशेब करून आटोपशीर स्वयंपाकघर आखले होते. आपल्याकडे तसा आराखडा कोणी जाहीर केला नाही. अंगणातला ओटाच मुकाट्याने घरात आला. गप्पांच्या जागेचे नाव कामाच्या जागेला मिळाले, हे अर्थांतर भाषेच्या अभ्यासकांनी नोंदवावे असे आहे.

ओटा आला, पण दगड कुठला? भिवंडीची भूमी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून तो घडला. तालुक्यातील लोणाडची लेणी त्यातच कोरलेली आहेत. जवळच्या अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिरही याच दगडाचे. पाटा, जाते आणि उखळ यांचेही कूळ तेच. परंतु हा दगड थिजताना भेगाळतो, त्यामुळे त्याच्या रुंद, पातळ लाद्या सहजी निघत नाहीत. ओट्याला हवा होता थरांनी सुटणारा दगड. तो आला दक्षिणेकडून : शहाबादी फरशी आणि कडप्पा. दोन्ही चुनखडीचे दगड, दोन्ही आपापल्या गावांच्या नावाने ओळखले जाणारे. कल्याणपर्यंत १८५४ साली पोचलेली आगगाडी १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या रेल्वेला जोडली गेली. शहाबाद आणि कडप्पा ही दोन्ही गावे याच मार्गावर आहेत. घराघरांतल्या ओट्यांची वाट अशी आधीच आखली गेली होती.

कडप्पा स्वस्त, काळाभोर आणि सोशिक; पण चुनखडीला आंबटाचे वावडे असते. लिंबू, चिंच, कोकम सांडून राहिले की त्याची झिलई जाते. संगमरवराचीही तीच गत, शिवाय हळदीचा डाग वेगळाच. कोकणी स्वयंपाकाला म्हणून ग्रॅनाइट मानवतो. त्यातला क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार स्वयंपाकातल्या आंबटाला दाद देत नाहीत. येथे एक गंमत आहे. बाजारात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारा दगड बहुधा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. त्यांची घडण बेसॉल्टसारखीच. फरक इतकाच की ते भूगर्भात सावकाश थंड झाले. म्हणजे पाट्याचाच लांबचा भाऊबंद झिलई चढवून, दूरच्या खाणीतून, पाहुण्यासारखा आपल्या घरी येतो. आणि घरचा पाषाण मात्र खडी होऊन रस्त्यावर पडतो.

या दोन भाऊबंदांचे गुण मात्र परस्परविरोधी. पाट्याचा गुण खरखरीतपणा. तो गुळगुळीत झाला की टाकी लावणाऱ्याला हाक मारायची, पुन्हा घाव घालून घ्यायचे. ओट्याचा गुण गुळगुळीतपणा. त्यावर काही वाटायचे नसते, फक्त पुसायचे असते. खरखरीत दगडाने आपल्याला ओवी दिली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या संकलित केल्या, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. गुळगुळीत दगडाला अद्याप गाणे नाही.

यावर हळहळणे आम्हांस सोपे वाटले होते. वर्गात ओवी शिकवताना आम्ही ते वर्षानुवर्षे करीतही आलो. त्या दिवशी आई म्हणाली, “गाणं यायचं ते हात भरून आल्यावर. तुम्हांला गाणं तेवढं ऐकू येतं.” या वाक्यापुढे आमची सारी समीक्षा थिटी पडली. ओवीचे मोल मानावे, पण ज्या सक्तीच्या पहाटेतून ती आली तिची आस धरू नये, एवढा विवेक आम्हांस दगड निवडताना लाभला.

शेवटी काळा डोलेराइट बसवला. त्याची उंची मात्र आम्ही ठरवली नाही. आई त्यासमोर उभी राहिली, कोपर वाकवून दाखवले, आणि कारागिराने तिथेच खूण केली. पाटा ओट्याखाली आहे.