फाइलमार्ग शोध (कर्नल ट्रेसिंगमधील)

लिनक्स कर्नलमध्ये एखादी फाइल उघडली जात असताना तिचा पूर्ण मार्ग ईबीपीएफ ट्रेसिंग प्रोग्रामला (कर्नलमध्येच चालून त्याच्या हालचाली टिपणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) सुरक्षितपणे मिळवून देण्याची सोय. लिनक्स सर्व्हरवर कोणती फाइल कोणी उघडली, हे पाहायला ती उपयोगी पडते.

कर्नल उघड्या फाइलसोबत पूर्ण मार्ग लिहून ठेवत नाही. ‘/वार/लॉग/सिसलॉग’ हा मार्ग उलटा रचला जातो: बफरच्या शेवटी आधी ‘सिसलॉग’, त्याच्या अलीकडे ‘लॉग’, मग ‘वार’. दरम्यान कोणी फोल्डरचं नाव बदललं, तर वाचन पुन्हा करावं लागतं आणि त्यासाठी कुलूप घ्यावं लागू शकतं. तेच कुलूप आधीपासून धरलेल्या जागी ट्रेसिंग प्रोग्राम चालला, तर यंत्रणा जागीच अडकते.

म्हणून डिसेंबर 2020 मधील लिनक्स 5.10 मध्ये जिरी ओल्सा यांनी घडवलेलं ‘बीपीएफ_डी_पाथ’ हे फंक्शन आलं ते मुभायादीसह. ट्रेसिंग प्रोग्रामना ते फाइल उघडणं, बंद करणं, छाटणं अशा मोजक्या फंक्शनांवरच वापरता येतं. यादीबाहेरच्या फंक्शनावर ते वापरणारा प्रोग्राम कर्नलचा तपासणारा भाग, म्हणजे व्हेरिफायर, लोड होण्याआधीच नाकारतो.

तरी एक फट उरली. पॉइंटरचा प्रकार बरोबर असला, तरी त्यामागची वस्तू जिवंत असेलच असं नाही.

म्हणून 2024 मधील लिनक्स 6.12 मध्ये ‘बीपीएफ_पाथ_डी_पाथ’ आलं. ते फक्त विश्वासार्ह ठरलेले पॉइंटर स्वीकारतं. सुरुवातीला त्याची मुभा सुरक्षा-हुकांवरच्या प्रोग्रामांपुरती होती.